पायात अडकलेली साखर

आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पेडण्याच्या आमच्या घरात मला एका जागी स्वस्थ बसलेली कुणी पाहिली नाही. जेवता जेवता मी उठून दारापर्यंत जाऊन यायची. शाळेत बाईंनी मला मुद्दाम मागच्या बाकावर नेलं होतं, कारण मी पुढे बसून हलत राहिले की मागच्या मुलींना फळा दिसत नसे. अशी मुलगी धावायला लागली की वाऱ्यासारखी सुटायला हवी. मी सुटायचीही. पण मैदानाचं अर्धं अंतर जाईपर्यंत माझ्या मांड्यांचे दगड झालेले असत.

दगड म्हणजे अगदी दगडच. हात लावला तर आतलं मांस कठीण, तापलेलं लागायचं. पाय दुमडायचा नाही. मी तिथेच मातीत बसायची, आणि खेळाच्या सरांची शिट्टी माझ्या दिशेनं वाजत राहायची.

शाळा वर होती आणि आमचा वाडा खाली. मधे चिऱ्याचा चढ. रोज सकाळी त्या चढावर मी मैत्रिणींच्या मागे पडायची, मग थांबायची, कडेच्या दगडी गडग्यावर टेकायची. थोड्या वेळानं उठायची तेव्हा मात्र पाय हलके झालेले असत. मग मी भराभर चालून त्यांना गाठायची, कधी मागेही टाकायची. हीच गोष्ट माझ्या मुळावर आली. आधी पाय दुखतात म्हणून बसलेली मुलगी नंतर सगळ्यांच्या पुढे कशी जाते?

"नाटकां करतंस," मैत्रिणी म्हणायच्या.

घरी आईचंही तेच. विहिरीवरून पाण्याची घागर आणायला सांगितली की मी वाटेत दोनदा खाली ठेवायची. "काम म्हटला की हिचे पाय दुखतत," आई शेजारणीला सांगायची, "आणि खेळाक बरे चालतत!" खेळातही चालत नव्हते. पण ते तिला दिसत नव्हतं, कारण मैदानातून मी घरी येईपर्यंत सगळं ठीक झालेलं असे. माझं दुखणं असं होतं की साक्षीदार येईपर्यंत ते निघून जायचं.

डॉक्टरांनी कमजोरी म्हटलं. लोहाच्या गोळ्या झाल्या, कॅल्शियम झालं, कडू टॉनिकं झाली. एका डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की मुलीच्या मनात काहीतरी आहे, अभ्यासाचा ताण असेल. मग आईनं देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं. गावकर देवासमोर उभे राहिले, आणि "ह्या लेकराच्या पायांक जा काय लागला असात ता दूर कर रे महाराजा" असं त्यांनी मोठ्यानं म्हटल्यावर मागच्या माणसांनी "होय महाराजा" म्हणून साथ दिली. मी नारळाकडे बघत होते. मला एवढंच वाटत होतं की इतक्या लोकांनी एकदम होय म्हटलं आहे, म्हणजे निदान आज तरी माझ्या पायांना खरोखर काहीतरी लागलंय हे सगळ्यांना मान्य आहे. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी चढ होता तसाच होता.

पुढे मी जीवशास्त्र शिकले आणि डिचोलीच्या एका शाळेत अकरावी-बारावीला शिकवू लागले. लग्न होऊन जवळच्याच सर्वण गावी गेले. नवरा तालुक्याच्या कचेरीत नोकरीला, सासूबाईंची भातशेती आणि पाठीमागे भाजीचे वाफे. लावणीच्या दिवसांत मी एकदा हौसेनं चिखलात उतरले. वाकून, घाईघाईनं रोपं खोचायला लागले आणि पहिलीच ओळ संपण्याआधी कंबरेपासून खाली सगळं आखडलं. सासूबाईंनी मला बांधावर बसवलं, चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तू शाळा बघ. शेत मी बघतां." त्या दिवसापासून त्यांनी मला शेतात बोलावलं नाही. यात माया किती आणि नाराजी किती, हे मी कित्येक वर्षं चाचपडत राहिले. विचारायचं धाडस झालं नाही.

शाळेत दर वर्षी मी पानाचा प्रयोग करून दाखवायची. कुंडीतली जास्वंद आधी दोन दिवस अंधारात ठेवायची, मग तिच्या एका पानाचा काही भाग काळ्या कागदानं झाकायचा, झाड उन्हात ठेवायचं, मग पान उकळून, त्यातला हिरवा रंग स्पिरिटमध्ये काढून टाकून त्यावर आयोडीन घालायचं. उघडा भाग निळाकाळा होतो, झाकलेला पिवळटच राहतो. मुलं दर वेळी "आ" करतात. मी त्यांना सांगायची: पानानं ऊन पकडलं, हवा आणि पाणी जोडून त्याची साखर केली, आणि लगेच लागणार नाही ती साखर पिठाच्या रूपात बाजूला ठेवली. ऊन गेलं की पान तेच पीठ मोडून जगतं. श्वास झाडही घेतं, रात्रीही घेतं. मग पुढचा धडा माणसाचा. आपणही भात खातो, त्याची साखर होते, ती यकृतात आणि स्नायूंत साठते, तिला ग्लायकोजेन म्हणतात. धावायला लागलो की स्नायू ती फोडतो आणि पेशी त्यातून शक्ती काढतात. हे सगळं मी फळ्यावर बाण काढून दाखवायची. लिहिताना वर हात धरून ठेवला की दंड भरून यायचा, म्हणून मी खडू या हातातून त्या हातात घ्यायची. मुलांना वाटायचं ही बाईंची लकब आहे.

मग ती चतुर्थी आली.

सर्वणच्या घरी गणपतीला सगळ्या जावा, नणंदा, शेजारच्या मुली जमतात. दुपारी आरती झाली, नैवेद्य झाला आणि फुगड्या सुरू झाल्या. मला फुगडी पहिल्यापासून आवडते, पण मी एखादी फेरी घेऊन सोडून द्यायची. त्या दिवशी नणंदेनं हात धरले आणि सोडेचना. ती जोरदार बाई. आजूबाजूच्या बायका टाळ्या वाजवत होत्या, कुणीतरी "बाई दमली, बाई दमली" म्हणून चिडवत होतं. माझ्या अंगात जिद्द शिरली. पाय आखडायला लागले तरी मी थांबले नाही. दंड आखडले. शेवटी नणंदेनं हात सोडले तेव्हा माझी बोटं उघडेनात, तिच्या मनगटाभोवती ती तशीच वळलेली राहिली. तिनं हसत हसत एक एक बोट सोडवलं आणि मग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं.

मी आत जाऊन आडवी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीला गेले तर रंग कोकमाच्या आगळासारखा गडद. मी पाणी ओतलं आणि बाहेर आले. चुलीपाशी सासूबाई घावणे करत होत्या. मी नवऱ्याला खूण करून मागच्या अंगणात बोलावलं आणि सांगितलं. त्यानं लगेच गाडी काढली. घरात गणपती आणि आम्ही दोघं बाहेर, म्हणून सासूबाई दारापर्यंत आल्या, पण माझं चालणं बघून त्यांनीच मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "जाऊदे तेंका."

डिचोलीच्या डॉक्टरांनी हात न लावता मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं. तिथे सलाईन लागलं. स्नायू फुटून त्यांचा रंग रक्तात उतरलाय, तो मूत्रपिंडात अडकला तर धोका आहे, असं सांगितलं. रक्तातला एक आकडा इतका वर होता की तपासणीच्या खोलीतून माणूस वर आला आणि सुई पुन्हा टोचून गेला. मी पडून होते आणि मला पडवत नव्हतं. सलाईनची नळी ताणली जाईपर्यंत मी कूस बदलायची. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "बाय, तुका खंय वचपाचें आसा?" कुठे जायचंय तुला? मला कुठेच जायचं नव्हतं. नुसतं जायचं होतं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण आली. खाटेच्या कडेवर बसली, कागद मांडीवर उलटा ठेवला आणि विचारलं, "लहानपणी धावताना असंच व्हायचं का?"

"होय."

"आणि थोडं थांबलं की पुन्हा चालता यायचं? आधीपेक्षा बरं?"

आयुष्यात मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. जी गोष्ट सांगितली की मी खोटारडी ठरायची, तीच ही मुलगी अगदी सहज, जणू ठाऊकच असल्यासारखी विचारत होती. मी होय म्हटलं, आणि पुन्हा एकदा होय म्हटलं. तिनं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि मी तो पिऊन संपेपर्यंत ती बसून राहिली.

नंतर तिनं माझ्याकडून रबरी चेंडू दाबून घेतला, आधी आणि नंतर रक्त काढलं. मेहनतीनंतर रक्तात एक आम्ल वाढतं, माझ्या रक्तात ते वाढलंच नाही. पुढे जनुकाची तपासणी बाहेरगावी पाठवली आणि काही आठवड्यांनी उत्तर आलं. माझ्या स्नायूंत साखर साठते, व्यवस्थित साठते. पण ती फोडणारं एन्झाइम माझ्या स्नायूंत तयारच होत नाही. जन्मापासून नाही. कोठार भरलेलं आणि दार बंद. म्हणून घाईचं, जोराचं काम सुरू केलं की पाय उपाशी पडतात आणि आखडतात. थोडं थांबलं, हळू चाललं की तोपर्यंत यकृतातली साखर आणि अंगातली चरबी रक्तातून पायापर्यंत पोचते आणि माणूस पुन्हा चालू लागतं.

"तुम्ही बायोलॉजी शिकवता ना?" डॉक्टरीण म्हणाली. "मग तुम्हांला मी काय समजावू!"

औषध नाही. ओझं उचलायचं नाही, एकदम जोर करायचा नाही, रोज संथ चालायचं, जास्त हालचालीआधी थोडं गोड खायचं. एवढंच. माझा नवरा हे ऐकून इतका सुखावला की त्यानं वाटेत गाडी थांबवून मला उसाचा रस पाजला. सासूबाईंना त्यानं घरी येऊन सगळं सांगितलं, हातवारे करून. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मी म्हटला नाय, शेत मी बघतां?" म्हणजे त्या दिवशी बांधावर त्यांना काहीतरी खरंच दिसलं होतं, आणि मी इतकी वर्षं उगाच त्या वाक्याचे काटे मोजत बसले होते.

सगळ्यांना वाटलं आता मी शांत होईन. उलटंच झालं. मला बसवेना. वर्गात तोच धडा आला आणि मी ग्लायकोजेनपाशी बाण काढता काढता थांबले, मग पुसला, मग पुन्हा काढला. मुलं बघत होती. घरी आले की अंगणात फेऱ्या. ज्यांनी ज्यांनी मला नाटकी म्हटलं होतं त्या सगळ्यांकडे जाऊन सांगावंसं वाटत होतं. खेळाचे सर कधीच वारले होते. मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या होत्या, एकीला फोन केला तर तिला चढावरचं काहीच आठवत नव्हतं. "आपण किती मजा करायचो गो," ती म्हणाली. उरली आई.

एका रविवारी मी पेडण्याला गेले. आई पडवीत अबोली गुंफत होती. मी तिला सगळं सांगितलं. हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, हेही सांगितलं. तेवढंच तिनं धरून ठेवलं.

"आमच्या घराण्यात असा कोणाक नाय," ती तुटकपणे म्हणाली.

"आई, मी दोष देत नाही. तुम्हां दोघांना काही होत नाही, फक्त पुढे जातं."

आई आणि बाबा नात्यातले. बाबांनी त्यांच्या मामाची मुलगी केली, तेव्हा ते रीतीतलंच होतं. गुंफता गुंफता आईचा हात थांबला.

"आते," ती म्हणाली.

आते म्हणजे आईची आत्या, आणि तीच बाबांची मावशी. दोन्ही बाजूंनी एकच बाई. आईच्या माहेरी, तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडच्या, पेडणे तालुक्यातल्याच गावात, ती भाच्याच्या घरी राहते. सुट्टीत गेलं की मला ती नेहमी पडवीतल्या कदेलीवर, लाकडी खुर्चीवर, बसलेलीच दिसायची. हातात कायम काहीतरी बसल्या जागचं काम: फुलं, चिंचा, तांदूळ निवडणं. मला ती लहानपणापासून म्हातारीच वाटायची, आणि म्हातारी माणसं बसतातच, त्यात विचारायचं काय!

"तिका घोवान धाडल्यान परत," आई म्हणाली. नवऱ्यानं तिला परत पाठवलं. वाळपईच्या बाजूला दिली होती. डोंगराच्या उतारावर पोफळीची बाग, घर वर आणि झर खाली. पाणी भरून पायऱ्या चढायच्या. ती अर्ध्या वाटेत घागर ठेवून बसायची. आळशी म्हणून दोन पावसाळ्यांनंतर भाऊ जाऊन तिला घेऊन आले. पुन्हा कुणी नेलं नाही. "बसायची, आणि मगे उठून बरी चालायची," आई हळूच म्हणाली. "म्हणानच सगळ्यांका राग येयचो." हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी त्याच दुपारी निघाले. आई म्हणाली जेवून जा, मी ऐकलं नाही.

आते कदेलीवरच होती. वय नव्वदीकडे झुकलेलं, पण कान शाबूत. मी तिच्यासमोर पायरीवर बसले आणि तिला विचारलं, पाणी भरताना काय व्हायचं? तिनं दोन्ही हातांनी आपल्या मांड्या दाबून दाखवल्या. "फातर," ती म्हणाली. दगड.

मी तिला साखरेचं सांगितलं. सोपं करून सांगितलं, मुलांना सांगते तसं. मला आहे आणि बहुतेक तिलाही आहे, पण रक्त तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही, हेही सांगितलं.

"तू तपासलंस मां?"

"होय."

"तुझे पाय असेच जायचे?"

"असेच."

"मगे माझा रगत कित्याक काढतंस? बस झाला."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा माझा हात धरेल. तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. तिच्या आवाजात राग होता. "मी आळशी नाय, ता माका ठावक होता," ती म्हणाली. "माका सांगून काय उपेग? तेंका सांग."

"कुणाला?"

"वाळपयक. जावन सांग तेंका."

तिचा नवरा जाऊन किती वर्षं झाली हे तिच्या भाच्यालाही सांगता येईना. भाचा मला गाडीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, म्हातारीचं मनावर घेऊ नकोस, परक्या घरी जाऊन काय बोलणार? त्याचं खरं होतं. पण मला ते काम मिळालं आणि आठवडाभर मी पहिल्यांदा रात्री नीट झोपले.

नवऱ्यानं नुसतं विचारलं, "नक्की जायचंय?" आणि पुढच्या रविवारी आम्ही निघालो. वाळपईच्या बाजारात विचारत विचारत घर सापडलं. दुसऱ्या बायकोचा मुलगा, साठीतला गृहस्थ, दारात आला. आम्ही पेडण्याचे, जुनं नातं आहे, एवढं मी सांगितलं. त्यांनी आदरानं बसवलं. चहा सांगितला. चहाबरोबर द्यायला केळी हवी होती, म्हणून त्यांच्या सुनेनं आतून मुलीला हाक मारली. मुलगी मोबाईल घेऊन खाटेवर लोळत होती, उठेना.

"उठ गो," सून आतून ओरडली, "पेडण्याची झालीस काय?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. घरमालकांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"हे पेडण्याची म्हणजे काय?" मी विचारलं.

ते हसले. "अहो, आमच्याकडे म्हणतात तसं. कुणी काम टाळायला लागलं की. माझी आजी म्हणायची, आई म्हणायची. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या गावाला उद्देशून नव्हे ते."

मग मी सांगितलं. तुमच्या वडिलांची पहिली बायको, ती पेडण्याची. ती अजून आहे. ती आळशी नव्हती, तिच्या स्नायूंना हा आजार होता, तो मला आहे, मी त्यामुळे मरता मरता वाचले. तुम्हांला हे सांगावं अशी तिची इच्छा आहे. मी हे सगळं उभी राहून बोलले, कधी उभी राहिले ते मला कळलं नाही. सून दारात येऊन थांबली होती, मुलगी तिच्या मागे.

"बाबांनी कधी नाव काढलं नाही," गृहस्थ म्हणाले. "आधी एक लग्न झालं होतं एवढं ऐकून होतो. शब्द मात्र रोज ऐकला. कुठून आला हे कोण विचारतो?" मग त्यांनी विचारलं, "त्या अजून आहेत म्हणालात?"

निघताना त्यांनी केळ्यांचा घड गाडीत ठेवला. "त्यांना द्या," म्हणाले. माफी वगैरे कुणी मागितली नाही, आणि मागायला ते कोण? मला वाटेत उगाच चिडचिड होत राहिली. मी इतक्या लांब आले होते कशासाठी? ज्याला सांगायचं होतं तो माणूस नव्हता, आणि जी उरली होती ती भली माणसं होती.

आतेला काय सांगायचं हे ठरेना. तो शब्द सांगावा की गाळावा? पण तिनं सरळ विचारलं, "काय म्हणाले?" आणि मी सगळं सांगून टाकलं, सून आतून काय ओरडली तेसुद्धा. भाचा मला डोळ्यांनी खुणावत होता. आतेनं तोंडावर पदर धरला. खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढे झाले तर ती हसत होती.

"म्हणजे मी अजून थंयच आसंय!" ती म्हणाली. अजून तिथेच. "इतक्या वर्सांनी! मेल्यांका माका घराभायर काढूक जमूक नाय!"

आणि मग केळं सोलता सोलता, "माका घेवन चल थंय."

भाचा नको म्हणाला, त्याची बायको नको म्हणाली, आईनं फोनवर मला वेड्यात काढलं. पाऊस उघडल्यावर एका सकाळी नवऱ्यानं गाडी काढली आणि आम्ही तिला मागच्या सीटवर उशांच्या मधे बसवून नेलं. डिचोली ओलांडल्यावर मी बिस्किट दिलं, ते तिनं हातातच धरून ठेवलं. गाडी अंगणात थांबली तेव्हा ती उतरेना. मी दार उघडून उभी राहिले.

घरचे सगळे बाहेर आले. त्या गृहस्थांनी वाकून तिच्या पायांना हात लावला. ती त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत होती, बागेकडे, जिथून पायऱ्या खाली उतरतात.

"पायऱ्यो सिमिटाच्यो केल्यात," ती म्हणाली.

"होय, आई," ते म्हणाले. आई हा शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला, मग तेच जरा बावरले.

"आता पाणी कोण हाडता?"

"कुणी नाही. पंप आहे."

"केन्ना बसयल्यात?"

"बाबांनीच बसवला. माझी आई आजारी असायची, तिला चढ झेपेना, म्हणून."

मला वाटलं आता काहीतरी फुटेल. माझे हात गाडीच्या दारावर आवळले गेले होते आणि मी ते सोडवत होते.

"बरा केल्यान," आते म्हणाली. "बरा केल्यान त्यान."

सुनेनं चहा गाडीतच आणून दिला. त्या मुलीनं पेला धरला आणि आतेनं थांबत थांबत तो प्यायला. घरात या असं सगळ्यांनी म्हटलं, ती नाही म्हणाली. थोड्या वेळानं तिनं माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर मागून टकटक केलं.

"चल आता," ती म्हणाली. "वाळपयच्या बाजारात घेवन चल माका. थंय भजी बरी मेळायची. घोवान कधी खावूक दिल्यान नाय."